विचारा, सांगते : चार वह्यांतलं मीठ

या खेपेला तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, आणि देवगडात कालपासून तीनदा लाइट गेली, त्यामुळे इन्व्हर्टर चालला तेवढंच लिहून झालं. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : मी रत्नागिरीत कंप्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघींनी एक छोटं कर्नेल लिहिलंय. ६४ बिटांच्या एक्स८६ वर पेज टेबल, एममॅप, पेज फॉल्ट सगळं चालतं. आता कॉलेजला रिस्क-फाइव्हचा बोर्ड मिळालाय. मैत्रीण म्हणते, 'आर्च'चं फोल्डर कॉपी करायचं आणि लागेल तिथे बदलायचं. सर म्हणतात, मेमरी मॅपिंगचा कोड दोन्ही प्रोसेसरना एकच हवा, नाहीतर मार्क कापीन. आमच्यात या वरून अबोला झालाय. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मार्कांचं सरांशी तूच बोल, त्यात मी पडत नाही. बाकीचं सांगते. इतर वाचकांसाठी आधी चार शब्द : कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. पेज म्हणजे मेमरीचा ठराविक मापाचा तुकडा, आणि पेज टेबल म्हणजे प्रोग्रॅमचा कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे ते सांगणारी यादी. एममॅप म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलकडे जागा मागायची रीत. पत्ता यादीत नसला किंवा मुभा नसली की पेज फॉल्ट. एक्स८६, आर्म, मिप्स, रिस्क-फाइव्ह ही प्रोसेसरांची घराणी, आणि 'आर्च' म्हणजे एकेका घराण्यापुरत्या कोडचं फोल्डर.

आधी मैत्रिणीचं ऐक, महिन्याभराने सरांचं. फोल्डर कॉपी करा, बोर्ड बूट होऊ दे. एकच मशीन समोर असताना 'कॉमन' काय हे कळतच नाही, कारण एक्स८६ची खोड आपल्याला जगाची रीत वाटते. दोन चालत्या कॉप्या शेजारी शेजारी उघडल्या की फरक आपोआप डोळ्यांत भरतो. फक्त तिसरा प्रोसेसर यायच्या आत सामायिक ते बाहेर काढा. त्यानंतरही काढता येतं, पण मग त्यात वर्षं जातात. मी पुण्यात एकोणीस वर्षं हेच काम केलं, त्यातली निदान चार असल्या कॉप्या जुळवण्यात गेली असतील.

बाहेर काय काढायचं? दोन फंक्शनं सारखी दिसतात म्हणून एक करू नका. प्रत्येक फंक्शनपाशी एवढंच विचारायचं : उद्या यात चूक सापडली, तर ती दुरुस्ती दोन्हीकडे व्हायला हवी का? हवी असेल तर कॉपी एकच ठेवा. नको असेल, म्हणजे ती गोष्ट चिपच्या मॅन्युअलने ठरवलेली असेल, तर ती ज्याच्या त्याच्या फोल्डरात राहू द्या, कितीही सारखी दिसो.

हे मला कोणी शिकवण्याआधी आगळाने शिकवलं. सासूबाईंची रातांब्याच्या आगळाची कृती आम्ही चौघींनी, म्हणजे दोन नणंदा, जाऊबाई आणि मी, आपापल्या वहीत उतरवून घेतली होती. एका वर्षी सासूबाईंच्या बरणीत वर बुरशी धरली. 'मीठ कमी पडला गो,' म्हणाल्या. जाऊबाई तिथेच उभ्या होत्या, त्यांनी आपल्या वहीतला आकडा खोडून नवा घातला. मी पुण्यात. पुढच्या मे महिन्यात रातांबे घेऊन गेले, जुन्याच मापाने मीठ घातलं, आणि गणपतीपर्यंत अख्खी बरणी ओतून द्यायला लागली. जाऊबाईंना वाटलं मला कळलं असेल. मला वाटलं वहीत आहे ते बरोबर आहे.

लिनक्समध्ये हुबेहूब हेच झालेलं आहे, आणि ते एममॅपच्याच बाबतीत. जरा सावकाश वाच. (प्रोसेस म्हणजे चालू प्रोग्रॅम, आणि त्याला दिसणाऱ्या पत्त्यांचा पट्टा म्हणजे अ‍ॅड्रेस स्पेस.)

प्रोसेसच्या अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) वरच्या टोकाला असतो आणि खाली वाढतो. एममॅपने मागितलेल्या जागा कुठून द्यायच्या? जुनी रीत अशी, की प्रोसेसच्या हद्दीच्या एक तृतीयांशावर सुरुवात करायची आणि वर वर जायचं. ३२ बिटांच्या एक्स८६ वर प्रोसेसला ३ जीबी मिळायचे, म्हणजे एममॅप १ जीबीपासून. खालून वाढणारा हीप (प्रोग्रॅम लागेल तशी वाढवत नेतो ती जागा) तिथे जाऊन डोकं आपटायचा, वर भरपूर जागा मोकळी असली तरी. म्हणून नवी रीत आली : स्टॅकच्या खाली थोडी जागा सोडायची आणि तिथून एममॅप खाली खाली आणायचं. मधली मोकळी जागा मग हीप आणि एममॅप दोघांची.

आता 'थोडी जागा' म्हणजे किती? स्टॅकची ठरवलेली मर्यादा धरायची, बहुतेक मशीनवर ती ८ एमबी असते. त्यात गार्ड गॅप मिळवायचा, म्हणजे स्टॅक आणि शेजारचं मॅपिंग यांच्यातला मोकळा बांध. ४ केबीच्या पेजना तो १ एमबी. शिवाय हल्ला करणाऱ्याला पत्ता ओळखता येऊ नये म्हणून स्टॅक दर वेळी थोडा खाली सरकवून सुरू करतात. तो जास्तीत जास्त जितका सरकेल तेवढीही जागा धरायची. ही बेरीज १२८ एमबीपेक्षा कमी आली तर १२८ धरायचे, आणि स्टॅकच्या टोकाच्या पाच-षष्ठांशापेक्षा जास्त आली तर तिथे थांबायचं. बेरीज करतानाही एक बारकावा आहे. कोणी स्टॅकची मर्यादा जवळजवळ अनंत ठेवली असेल तर बेरीज उलटून शून्याजवळ येते, म्हणून 'मिळवल्यावर आकडा खरंच वाढला का' हे आधी तपासतात.

सुरुवातीच्या आवृत्त्या ज्यांनी लिहिल्या त्यांना ही सगळी गणितं एकदम सुचली नव्हती. स्टॅक सरकतो ती जागा धरायची राहून गेली होती. एरवी कळतही नाही, कारण ८ एमबीच्या मर्यादेला १२८ एमबी पुरून उरतात. पण कोणी मर्यादा २५६ एमबी केली की हातात पूर्ण २५६ पडत नाहीत, सरकलेला भाग त्यातून कापला जातो. २०१७ मध्ये हे एक्स८६ आणि आर्म६४ वर दुरुस्त झालं. ३२ बिटांचा आर्म आणि मिप्स यांच्याकडे त्याच फंक्शनच्या स्वतःच्या कॉप्या होत्या. त्यांच्या वहीतला आकडा कोणी खोडला नाही. २०१९ मध्ये आर्म६४ची ही फंक्शनं उचलून सगळ्यांच्या सामायिक मेमरी कोडमध्ये ठेवायचं काम निघालं. कॉप्या शेजारी ठेवल्या तेव्हा आर्म आणि मिप्सची तफावत पुढे आली. आधी तिथे दुरुस्ती झाली, मग त्यांनी आपल्या कॉप्या टाकून सामायिक फंक्शन घेतलं. रिस्क-फाइव्हला तर वरून खाली येणारी मांडणी तोवर नव्हतीच, तिला ती जवळजवळ फुकट मिळाली : आपल्या कॉन्फिग फाइलीत 'मला सामायिक मांडणी हवी' अशी निवड केली, झालं. हे सगळं लिनक्स ५.४ मध्ये, नोव्हेंबर २०१९ ला आलं.

तुझ्या कर्नेलात हाच भाग सर्वांत आधी सामायिक कर. एममॅपच्या जागांची यादी, मोकळी जागा शोधणं, स्टॅकखालची बेरीज, फॉल्ट आल्यावर हा पत्ता कुठल्या मॅपिंगचा आणि त्याला काय मुभा आहे हे ठरवणं : यातल्या कशालाही चिपचं नाव माहीत असायची गरज नाही. आकडे मात्र नावाने लिहा. जाऊबाईंच्या वहीत मीठ शेरात होतं, माझ्या वहीत वाटीने, आणि माझी वाटी कोणती हे मलाच माहीत. कोडमध्ये ४०९६ असा आकडा दिसला की तो आत्ताच काढून 'पेज साइज' करा. आर्म६४ वर ४, १६ किंवा ६४ केबी यांपैकी कुठलंही पेज असू शकतं.

आता फोल्डरातच राहायला हवं ते. इथे तुमची कॉपी पहिल्याच दिवशी आपटणार आहे, म्हणून नेमकं सांगते.

एक्स८६च्या पेज टेबलातल्या नोंदीत पेजचा पत्ता जागच्या जागी असतो. खालचे १२ बिट झाकले (आणि वरचे झेंडे, म्हणजे खुणेचे बिट, काढले) की पत्ता हातात. रिस्क-फाइव्हच्या नोंदीत पेजचा क्रमांक दहाव्या बिटापासून सुरू होतो. म्हणजे दहा घरं उजवीकडे सरकवून मग बारा घरं डावीकडे. एक्स८६चा झाकण्याचा कोड तिथे तसाच चालवलास तर पत्ता चौथा हिस्सा येतो, वर शेवटचे दोन बिट गाळले जातात ते वेगळंच, आणि बोर्ड काही न बोलता गप्प बसतो. या गप्प बसण्यावर मी एकदा तीन रात्री घालवल्या आहेत.

परवानग्यांची तऱ्हा आणखी गमतीची. एक्स८६ वर १ क्रमांकाचा बिट लावला की लिहिता येतं. आर्म६४ वर ७ क्रमांकाचा बिट लावला की लिहिता येत नाही. एक्स८६चा ६३वा बिट म्हणतो 'हे चालवू नको', रिस्क-फाइव्हचा ३रा म्हणतो 'चालव'. रिस्क-फाइव्हवर वाचा-लिहा-चालवा हे तिन्ही बिट शून्य असून नोंद वैध असेल, तर ती नोंद पेजची नसतेच, ती पुढच्या टेबलाचा पत्ता असते. म्हणून सामायिक कोडने बिटांना हात लावू नये. त्याने म्हणावं, 'ही नोंद लिहिण्याजोगी कर', 'हिची लिहिण्याची मुभा काढ', 'ही लिहिण्याजोगी आहे का', आणि प्रत्येक फोल्डरने आपापल्या चिपप्रमाणे ते करावं. लिनक्समध्येही अशीच छोटी छोटी फंक्शनं आहेत.

टेबलाच्या पातळ्यांचं भांडण तुमच्यात होणार हे मला आत्ताच दिसतंय. तुमच्या एक्स८६ला चार पातळ्या, ४८ बिटांचा पत्ता. बोर्डाची एसव्ही३९ मांडणी तीन पातळ्यांची : प्रत्येक पातळीला ५१२ नोंदी, म्हणजे ९ बिट, तीन नव्वे सत्तावीस, आणि पेजच्या आतले १२, झाले ३९. यासाठी टेबल चालण्याचा कोड दोनदा लिहू नका. लिनक्सचा सामायिक कोड पाच पातळ्या धरून चालतो, आणि ज्या मशीनवर एखादी पातळी नाही तिथे त्या पातळीचं फंक्शन मिळालेला पॉइंटर तसाच परत देतं. कंपायलर ती पायरी गाळून टाकतो, खर्च शून्य. तुम्ही चार धरून लिहा.

शेवटची गोष्ट, जी कॉपी करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते : पहिल्या मशीनवर रिकामं असणारं फंक्शन. पेज नसलेल्या जागी तुम्ही नवी नोंद घातलीत, तर एक्स८६ वर टीएलबीला (आधी शोधलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्या चिपमधल्या वहीला) काही सांगावं लागत नाही, कारण 'नाही' हे उत्तर तो लक्षात ठेवत नाही. रिस्क-फाइव्हच्या नियमांत मात्र चिपला अवैध नोंदही लक्षात ठेवायची मुभा आहे. नोंद घातल्यावर फेन्सची सूचना ('जुनं विसर, टेबल पुन्हा बघ') दिली नाही तर पुन्हा फॉल्ट येऊ शकतो. तसंच 'हे पेज वापरलं' आणि 'यावर लिहिलं' हे दोन बिट एक्स८६ स्वतः लावतो. रिस्क-फाइव्हची चिप ते काम सॉफ्टवेअरवर टाकू शकते : बिट लागलेला नसेल तर सरळ फॉल्ट. आमच्याकडे एकदा इम्युलेटरने (दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने) हे बिट स्वतः लावले, सगळं छान चाललं, आणि बोर्डावर पहिल्याच पेजला फॉल्ट, मग फॉल्टमध्ये फॉल्ट. सामायिक कोडमध्ये 'नोंद बदलली, काय करायचं ते कर' अशी एक हाक हवीच, एक्स८६च्या फोल्डरात तिचं पोट रिकामं असलं तरी.

सामायिक फाइलीत 'जर एक्स८६ असेल तर' अशी अट दिसली की समजा गाडी घसरली. अट चिपच्या नावाची नको, गुणाची हवी : 'जर चिप हे बिट स्वतः लावत नसेल तर'. आणि सरांना हेही सांग, की सगळं एक होत नाही. जुन्या आर्मच्या काही चिपमध्ये एकच पेज दोन पत्त्यांवर मॅप केलं, तर कॅशमध्ये (चिपमधल्या झटपट मेमरीत) त्याच्या दोन वेगळ्या प्रती पडतात. म्हणून शेअर केलेली मॅपिंग १६ केबीच्या टप्प्यांत जुळवून द्यावी लागतात. त्यामुळे २०१९ मध्ये स्टॅकखालची बेरीज सामायिक झाली तरी मोकळी जागा शोधण्याचं काम आर्म आणि मिप्सने आपल्याकडेच ठेवलं. एक्स८६ने तर मांडणीही आपलीच ठेवली, कारण तिथे एकाच प्रोसेसला ३२ आणि ६४ बिटांच्या सिस्टिम कॉलसाठी (कर्नेलला घातलेल्या हाकांसाठी) एममॅपचे दोन वेगळे पाये सांभाळावे लागतात. हा आळस नव्हे.

अबोला सोडा. फोल्डर मैत्रिणीने कॉपी करावं, दोन्ही कॉप्यांतला फरक तू छापून भिंतीवर लाव, आणि तिसरीने तो पेन्सिलने खुणा करत वाचावा.

प्रश्न : मालवणात आमचा बोटींच्या इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा उद्योग आहे. माशांचा थवा दाखवणाऱ्या सोनारचं सर्किट आम्ही स्वतः केलंय, ड्रायव्हरही. रजिस्टरं आयओरीमॅपने मॅप करतो, पुढे साध्या पॉइंटरने लिहितो, पॉइंटरला व्होलटाइल लावलंय. पीसीवर महिनाभर बिनचूक. तोच ड्रायव्हर आर्मच्या बोर्डावर टाकला की तासा-दोन तासांनी पडद्यावर जुनीच ओळ पुन्हा येते. मेमरी खराब असेल का?
— एक उद्योजक, मालवण

उत्तर : मेमरीला दोष देऊ नका. (इतरांसाठी : आयओरीमॅप म्हणजे सर्किटची रजिस्टरं मेमरीसारखी पत्त्यांवर आणून देणारं कर्नेलचं फंक्शन.) तुम्ही आधी रॅममध्ये डिस्क्रिप्टर (सर्किटसाठी कामाची चिठ्ठी) भरता आणि मग 'घे, तयार आहे' असं सांगणारं रजिस्टर लिहिता, बरोबर? एक्स८६ हे दोन लेखन त्याच क्रमाने बाहेर पाठवतो, म्हणून तुमची चूक झाकली गेली. आर्मला क्रम बदलायची मुभा आहे. कधीतरी हाक आधी पोचते, डिस्क्रिप्टर मागून, आणि सर्किट जुनंच उचलतं. व्होलटाइल कंपायलरला आवरतं, प्रोसेसरला आवरत नाही.

साधा पॉइंटर काढा आणि कर्नेलची राइटएल, रीडएल ही रजिस्टर लिहायची-वाचायची फंक्शनं वापरा. आर्मवर राइटएलच्या पोटात खरी बॅरियरची सूचना ('आधीचं लेखन आधी पोचू दे') असते, एक्स८६ वर कंपायलरपुरती. तुमचा ड्रायव्हर मात्र दोन्हीकडे एकच राहतो. डिस्क्रिप्टरचा बफर डीएमएच्या (सर्किट थेट रॅम वाचतं त्यासाठीच्या) फंक्शनांनी घेतलेला आहे ना, हेही बघून घ्या. मलोकसारखा, म्हणजे साध्या मेमरीसारखा, घेतलेला असेल तर पुढच्या महिन्यात दुसरं पत्र येईल.

जाता जाता : तुम्ही वापरता ते आयओरीमॅपही वरच्या पत्रातल्या वाटेनेच गेलं. प्रत्येक आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या घराण्याची) आपापली कॉपी होती. २०१९ मध्ये सामायिक आवृत्ती निघाली ती रिस्क-फाइव्हने उचलली, २०२२ मध्ये आर्म६४ आला, आणि २०२३ मध्ये बऱ्याच जुन्या आर्किटेक्चरनी आपल्या कॉप्या सोडल्या.

प्रश्न : हे सगळं शिकायचं तर तीन-चार प्रकारची मशीनं विकत घ्यावी लागतात का? माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : एक रुपयाही घालू नका. क्यूईएमयू हा इम्युलेटर टाका, त्यात आर्म, मिप्स, रिस्क-फाइव्ह सगळं लॅपटॉपवर चालतं, सावकाश का होईना. (बोर्ड आणि इम्युलेटर यांच्यातला फरक पहिल्या उत्तरात आहे, तो विसरू नका.)

त्याआधी आहे त्या लॅपटॉपवर एक गंमत करा. टर्मिनलमध्ये 'कॅट'ने 'प्रॉक'मधल्या 'सेल्फ'खालची 'मॅप्स' ही फाइल वाचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक मॅपिंग, पत्ते डावीकडे, यादीच्या तळाशी कुठेतरी स्टॅक. दोनदा वाचलीत की पत्ते बदललेले दिसतील. तीच आज्ञा आधी 'सेटआर्क' आणि मोठा आर पर्याय लावून दोनदा चालवा, पत्ते तेच राहतील. मग मोठा एल लावून बघा : एममॅपच्या लायब्ररी स्टॅकच्या जवळून उठून कमी पत्त्यांकडे, एक तृतीयांशाच्या आसपास गेलेल्या दिसतील. तीच ती पहिल्या उत्तरातली जुनी रीत. दोन्ही यादी कागदावर उतरवून घ्या आणि मधला फरक मोजा. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहेत, तेव्हा कॅल्क्युलेटर लागेल.